लाखेखालचा रंग

बुधवार, दि. २ फेब्रुवारी

दुकान बंद करून सहा वर्षे झाली. तेव्हापासून मी काहीही लिहिलेले नाही. दुकानाच्या वहीत तीन रकाने असत : तक्रार, कारण आणि उपाय. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने टीव्ही दुरुस्तीची ती वही एकोणचाळीस वर्षे खाडाखोडीवाचून ठेवली, हे मी स्वतःच नमूद करतो, कारण दुसरे कोणी करणार नाही. आज नवी वही उघडण्याचे कारण असे, की घरी काम आले आहे.

सकाळी अकराच्या सुमारास माझ्या मेहुण्याची मुलगी आली. मेहुणा म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचा धाकटा भाऊ. त्याच्या घरातले कोणी सव्वीस वर्षांत माझ्या दारात आलेले नव्हते. पत्नी गेली त्या दिवशी तो स्वतः आला होता, परंतु फाटकाबाहेर उभा राहून परतला. मुलीला मी चार वर्षांची असताना पाहिले होते. आता ती इमारतींचे नकाशे काढते.

"काका, ओळखलंत का?"

"नाक तुझ्या आत्याचे आहे. आत ये," मी म्हणालो.

तिच्या हातात पुठ्ठ्याचे खोके होते. बसली नाही.

"बाबांचं हृदय फार थकलंय. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. परवा एकदम म्हणाले, माळ्यावरचं मशीन काढ आणि दाजींकडे दे. भिंतीवरच्या टीव्हीला या वायरी बसत नाहीत. माझ्या लॅपटॉपवर चित्र येईल म्हणून ही डबी मागवली. दोन दिवस डोकं फोडलं, काही येत नाही."

"गावात दुकाने पुष्कळ आहेत."

"ते म्हणाले, उघडायचं ते दाजींनीच. दुसऱ्या कुणी स्क्रूला हात लावलेला मला चालणार नाही."

ती गेल्यावर मी खोके उघडले. ते यंत्र मी पाहताक्षणी ओळखले. अकरांपैकी एक.

सव्वीस वर्षांपूर्वी एका खेळघराच्या मालकाने माझ्याकडून व्हिडिओ गेमची अकरा यंत्रे बांधून घेतली. सुट्या भागांची जोडणी मेहुणा करीत असे. शेवटी चित्राला रंग लावण्याचे काम माझे. आठवड्याभरात अकराही यंत्रांचा रंग गेला, चित्र काळेपांढरे. मालक दुकानात येऊन मोठमोठ्याने बोलू लागला आणि रस्त्यावर माणसे जमली. रंग ज्याच्यावर चालतो त्या भागास क्रिस्टल म्हणतात. मी स्वतः निवडून खात्रीचे क्रिस्टल आणले होते. मेहुण्याने ते काढून घेऊन भंगारातले बसवले, हे उघड होते. मी ते सर्वांसमक्ष सांगितले आणि त्यास जो शब्द लागू पडतो तो वापरला. तो तसाच पायऱ्या उतरून गेला. त्याचा डबाही न्यायला आला नाही. मालकाने परत केलेली यंत्रे मी भंगारवाल्यास दिली. त्यातले एक याने कसे मिळवले, ते ठाऊक नाही. त्या प्रसंगाबद्दल माझ्या मनात काहीही नाही.

आता ते यंत्र आपल्या पायांनी माझ्या टेबलावर आले आहे. त्यातले भंगार क्रिस्टल काढून मी त्याच्या मुलीच्या तळहातावर ठेवीन. चित्रही आणून देईन. काम ते काम.

माझी मुलगी शाळेत शिकवते. संध्याकाळी घरी आली, टेबलाजवळ थांबली आणि म्हणाली, "मामाचं?" खोक्यावर कोणाचेही नाव नव्हते.


गुरुवार, दि. ३ फेब्रुवारी

माझी कामाची रीत अशी, की बाहेरून आत जायचे. प्रथम भिंतीतली वीज, मग वायर, मग बटणे आणि सर्वांत शेवटी पोट. आजकालचे कारागीर आधी पोट फाडतात.

वीज ठीक. यंत्राचा दिवा लागतो. पिवळी वायर चित्राची, पांढरी आवाजाची. दोन्ही डबीत बसवल्या आणि डबी माझ्या मुलीच्या लॅपटॉपला जोडली. मुलीने कसलासा प्रोग्राम उघडला. पडद्यावर एक म्हातारा आला. गळ्याची कातडी लोंबत होती आणि तो माझ्याकडे फार रागाने पाहत होता.

"हा कोण?" मी विचारले.

"बाबा, तुम्हीच. हा लॅपटॉपचा कॅमेरा आहे. यादीतून डबी निवडली नाही आपण."

यादीतून डबी निवडली. म्हातारा गेला आणि पडदा काळा झाला. पिवळी वायर डबीच्या छिद्रात सैल बसत होती. पकडीने तिचे टोक किंचित आवळले तेव्हा पडद्यावर काहीतरी पळू लागले. मेहुण्याच्या मुलीचे दोन दिवस एवढ्यासाठी गेले.


शनिवार, दि. ५ फेब्रुवारी

तक्रार : चित्र खालून वर धावते. कारण : यंत्र एका सेकंदाला पन्नास चित्रे पाठवते आणि संगणकाने साठ धरली होती. उपाय : यादीत पन्नास केले. चित्र उभे राहिले.

दुसरी तक्रार : हलणाऱ्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दात. टीव्हीचे चित्र दोन अर्ध्यांत येत असे; हे यंत्र मात्र प्रत्येक वेळी पूर्ण चित्र पाठवते. संगणक त्यालाही अर्धे समजून दोन चित्रे एकमेकांत विणत होता. मुलीने प्रोग्राममधली ती विणण्याची खूण काढून टाकली आणि दात गेले.

"बाबा, हे तुम्हाला चौथीत शिकवलं का?" मुलगी म्हणाली.

"चौथीत पाढे शिकवले. उरलेले टीव्हीने शिकवले."

ती हसली. या घरात ते फारसे होत नाही. मग गंभीर होऊन म्हणाली, "काळंपांढरंच आहे मात्र."

होय. मोटारींच्या शर्यतीचा खेळ आहे. रस्ता राखाडी, आकाश राखाडी, मोटार पांढरी. वायर बदलली, भोक बदलले, यादीतली रंगाची प्रत्येक पद्धत लावून पाहिली, मुलीच्या मैत्रिणीची दुसरी डबी आणवली. रंग नाही. आता पोट.


रविवार, दि. ६ फेब्रुवारी

यंत्र उघडले. जे दिसले ते क्रमाने लिहितो.

रंग लावायचा म्हणजे ट्रिमर फिरवायचा. ट्रिमर म्हणजे नखाएवढा पितळी स्क्रू असलेला भाग. तो केसभर फिरला तरी रंग येतो किंवा जातो. तो लावून झाला की मी त्यावर वितळलेल्या लाखेचा थेंब टाकून अंगठीच्या कडेने दाबीत असे. त्यामुळे पुढे कोणी हात लावला तर कळते. हा माझा नियम होता आणि सबंध बाजारात तो फक्त माझाच होता. या यंत्रातला लाखेचा थेंब अखंड आहे. माझ्या अंगठीची रेघ त्यावर स्पष्ट आहे.

क्रिस्टलवर नंबर कोरलेला असतो. जुनी वही काढून ताडून पाहिला. मी आणलेल्या बारा क्रिस्टलपैकीच आहे (एक जादा घेतले होते). डाखही मूळचाच, एकदा काढून पुन्हा लावलेला डाख लपत नाही.

तेव्हा या एका यंत्रात त्याने क्रिस्टल बदलले नव्हते. बाकीच्या दहांत बदलले असतील. म्हणूनच त्याने हे एक नेमके जपून ठेवले असावे. तो पहिल्यापासून धोरणी आहे.

याच वहीत त्या दिवसाची नोंद सापडली. तक्रार : अकरा यंत्रांचा रंग जातो. कारण : मेहुण्याने क्रिस्टल बदलले. उपाय : मेहुण्यास काढले. अक्षर माझे आहे आणि फार चांगले आले आहे.


मंगळवार, दि. ८ फेब्रुवारी

लाख फोडली. माझा स्क्रूड्रायव्हर सायकलच्या आऱ्यापासून मी स्वतः घासून केलेला आहे. पन्नास वर्षे तोच वापरतो. टोक ट्रिमरच्या खाचेत टेकवले आणि न फिरवताच चित्रात रंग आला. हिरवे, निळे, सर्व काही. मुलगी टाळी वाजवायच्या बेतात होती, तोच मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि रंग गेला.

पुन्हा टेकवला, आला. उचलला, गेला. असे मी बावीस वेळा केले.

प्रथम वाटले, हातात अजून गुण आहे. मग वाटले, डबी हलक्या प्रतीची आहे. मुलीस म्हणालो, "तुमचे संगणक फार नाजूक. आमचा दुकानातला टीव्ही मोठ्या मनाचा होता, थोडी चूक पोटात घालीत असे."

"म्हणजे तेव्हाही चूक असायची?" तिने विचारले.

मी तिला चहा ठेवायला सांगितले.

मेहुण्याची एक खोड होती. मी रंग लावू लागलो की तो मागे उभा राहून पुटपुटे, "दाजी, लोखंड लावू नका. लोखंड टेकलं की रंग सरकतो, काढलं की परत सरकतो. तुम्ही रंग यंत्राला नाही, स्क्रूड्रायव्हरला लावताय." मी म्हणे, "तू आणि तुझी सुई स्वयंपाकघरात बसा." कारण तो विणकामाच्या प्लास्टिकच्या सुईने ट्रिमर फिरवायला बघे. सुईने रंग लावणारा कारागीर गिऱ्हाइकांनी पाहिला असता तर दुकान दुसऱ्या दिवशी बंद करावे लागले असते.


बुधवार, दि. ९ फेब्रुवारी

मेहुण्याच्या मुलीचा फोन आला. माझ्या मुलीने उचलला आणि मला दिला.

"काका, बाबा विचारतात, रंग आला का."

"येतो आणि जातो."

ती पलीकडे हे कोणाला तरी सांगत असल्याचे ऐकू आले. मग बराच वेळ श्वासाचा आवाज येत राहिला. मला आधी वाटले लाइन खराब आहे.

"ते हसताहेत," ती म्हणाली. "म्हणजे खोकताहेत. लहानपणी आम्ही तो खेळ काळापांढराच खेळलो. रंग का नाही म्हटलं की बाबा म्हणायचे, रंग दाजींकडे आहे. मला खरंच वाटायचं तुमच्याकडे कपाटात ठेवलेला असेल." मग म्हणाली, "काका, जरा लवकर होईल का? काल पाय फार सुजले होते."


शुक्रवार, दि. ११ फेब्रुवारी

त्याचे म्हणणे कायमचे खोडून काढण्यासाठी त्याच्याच रीतीने करून पाहायचे ठरवले. काडेपेटीतली काडी तासली, ती मोडली. बांबूच्या कामटीचे टोक खाचेत बसेना. मुलीस विचारले, आईच्या विणकामाच्या सुया टाकल्या का. तिने कपाटातून कापडी पिशवी आणून दिली.

पिशवीत अर्धवट विणलेला बाही नसलेला स्वेटर होता, राखाडी लोकर होती, दोन पांढऱ्या सुया होत्या आणि सर्वांत तळाशी, रुमालात गुंडाळलेली, एकच हिरवी सुई. तिचे टोक दोन्ही बाजूंनी कानशीने घासून चपटे केलेले आहे. घासणाराचा हात चांगला होता. ते टोक ट्रिमरच्या खाचेत असे बसले की जणू मापाने केले.

अशा सुईने विणता येत नाही. पत्नी टापटिपीची होती, निरुपयोगी वस्तू ती ठेवीत नसे. मग ही रुमालात का ठेवली, ते मला कळत नाही. मुलीस विचारले. ती म्हणाली, "आईनं मला एकदा सांगितलं होतं, तुम्ही मागितली तरच द्यायची."

"मी ती कशाला मागेन?"

"तेच ना. सतरा वर्षं तिनं वाट पाहिली."

पत्नी त्या घटनेनंतर सतरा वर्षे जगली. त्या सबंध काळात तिने भावाचा विषय एकदाही काढला नाही. मला वाटत होते, तिला माझे पटले आहे.


शनिवार, दि. १२ फेब्रुवारी

सुईने ट्रिमर पाव फेरा फिरवला आणि सुई काढून घेतली. रंग राहिला. यंत्र बंद करून चालू केले. राहिला. वरचे झाकण लावून पाच तास तापवले. राहिला.

तक्रार : रंग जातो.

उपाय : हिरव्या सुईने लावला.

कारणाचा रकाना आज मोकळा ठेवला आहे. काय लिहायचे ते मला ठाऊक आहे. अकरा यंत्रांना तेव्हा याच आऱ्याने रंग लावला आणि त्यावर लाखही मीच टाकली. दुकानातल्या टीव्हीने ती चूक पोटात घातली, खेळघरात यंत्रे तापल्यावर ती उघडी पडली. परंतु ते रकान्यात लिहिण्याजोगे नाही. रकाना अरुंद आहे.

काम पोहोचते करायचे राहिले आहे. संगणकात एक दोष अजून शिल्लक आहे : बटण दाबल्यावर मोटार वळायला पाव सेकंद उशीर होतो. डबी चित्र पकडून मग पुढे देते, त्याचा तो परिणाम. असे अपुरे काम मी आजवर दिलेले नाही. आठवडाभर खटपट केल्यास काही उपाय सापडेल, असे मी मुलीस सांगितले.

ती तपासत असलेल्या वह्या बाजूला ठेवून म्हणाली, "बाबा, चित्राचा उशीर मामाला चालेल. तुमचा नाही चालणार. उद्या रविवार आहे. मी रिक्षा सांगते."


रविवार, दि. १३ फेब्रुवारी

मेहुण्याचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद आहे आणि त्यास मधे टेकायला जागा नाही. मी मुलीस वाटेत दोनदा विचारले की पत्ता बरोबर आहे ना. ती न पाहताच वळत होती. वर गेल्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन पेले काढले आणि पाणी आणले. पेले कोठे आहेत हे तिला कोणी सांगितले नाही. शाळेच्या सभांसाठी ती महिन्यातून एक रविवार बाहेर असते. मी त्या सभांबद्दल कधी काही विचारले नव्हते आणि आजही विचारले नाही.

मेहुणा खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून होता. नाकाला नळी. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे. दिसत नाही.

"या दाजी. वजन उतरलं तुमचं."

"तुझेही."

"माझं उतरलं नाही, उतरवलं. औषधानं." त्याला एका वाक्यानंतर थांबावे लागते. "बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो. दुरुस्त करायची राहिली."

त्याच्या मुलीने लॅपटॉप पलंगावरच्या पाटावर ठेवला. मी वायरी जोडल्या. माझे हात नेहमीप्रमाणे स्थिर होते. चित्र आले आणि रंगासकट आले. हिरवी झाडे, निळे आकाश, पिवळी मोटार.

"ही पिवळी होती?" त्याची मुलगी म्हणाली. "मी हिला आयुष्यभर पांढरी समजत होते."

तो एक डाव खेळला. पहिल्याच वळणावर मोटार झाडात गेली.

"उशीर चित्राला होतोय की माझ्या हाताला?"

"चित्राला. पाव सेकंद."

"मग बरंय. मला वाटलं, तेही गेलं."

मी त्यास सर्व तपशील सांगितला : सैल वायर, पन्नास आणि साठ, कंगव्याचे दात. त्याने कामगार ऐकतो तसे लक्ष देऊन ऐकले. मी थांबलो तेव्हा त्याने विचारले,

"लाख होती?"

"होती."

"अखंड?"

"अखंड."

"क्रिस्टल?"

"नंबर जुळतो."

"लावलात कशानं?"

"सुईने."

"हिरव्या?"

मी मान हलवली. त्याने डोळे मिटले. त्याची मुलगी नळी पाहायला पुढे झाली, पण तो ठीक होता. येताना मी एक वाक्य तयार केले होते. ते बोललो : "त्या दिवशी मी जे म्हणालो त्यात माझी चूक होती, असे आता म्हणावे लागते."

"म्हणावं लागतं," तो म्हणाला. हे त्याने चिडून म्हटले नाही. वजन करून पाहावे तसे म्हटले. मग बराच वेळ श्वास जमवला. "दाजी, हे इथं कशाला सांगताय? या खोलीत सगळ्यांना माहीत आहे. चोर म्हणालात तेव्हा दुकानाचं दार उघडं होतं. रस्त्यात वीस माणसं उभी होती."

"त्यांतले आता कोण उरले असेल?"

"मला काय माहीत? मी त्या रस्त्यानं परत गेलो नाही. कारखान्यात पंप बांधले तीस माणसांत बसून, पण बस त्या रस्त्यानं जायची म्हणून चालत जायचो."

निघताना त्याने माझा हात धरला नाही आणि मीही पुढे केला नाही. खेळ चालू होता.


सोमवार, दि. १४ फेब्रुवारी

सकाळी जुन्या रस्त्यावर गेलो. माझ्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरे टांगलेली आहेत. खेळघराच्या जागी दंतवैद्य बसतो. खेळघराचा मालक वारला, असे दंतवैद्याच्या दारावरच्या पहारेकऱ्याने सांगितले. वह्यापेन्सिलींचे दुकान नाही. किल्ल्या करणारा नाही. समोरचा शिंपी मात्र त्याच शिवणयंत्रावर बसलेला होता, चष्मा तेवढा दुप्पट जाड.

"या मिस्त्री. जिवंत आहात तर."

"एक गोष्ट सांगायची आहे. माझा मेहुणा दुकानात होता, आठवतो का?"

"सुईवाला? तुमचा उजवा हात तो. विसरेन कसा."

"मी त्यास तुमच्या सर्वांसमक्ष चोर म्हणालो होतो. तो चोर नव्हता. चूक माझी होती. मी रंग चुकीचा लावला होता."

शिंप्याने पायाखालची फळी थांबवली. दुकानात पँट आखूड करून घ्यायला आलेला एक माणूस आणि पिशवी घेऊन उभी असलेली एक बाई होती. दोघे माझ्याकडे पाहू लागले.

"मग यात नवीन काय?" शिंपी म्हणाला. "तो चोर आहे असं या रस्त्यावर कुणालाच वाटलं नव्हतं."

"मग कोणी काही बोलले का नाही?"

"तुमच्याशी कोण बोलणार? वाटलं, चार दिवसांनी राग उतरेल, मेहुणाच आहे, बोलवून घेतील. तुम्ही बोलवेनात. मग आम्हीच तुमच्याकडे यायचं कमी केलं. माझा टीव्ही त्यानंतर मी पुलापलीकडं द्यायला लागलो."

मी आजवर असे समजत होतो की नव्या तऱ्हेच्या टीव्हीमुळे गिऱ्हाईक कमी झाले. हे मी त्यास सांगितले.

"तेही असेल," तो म्हणाला. हे त्याने दयेपोटी म्हटले, एवढे मला कळते.

मी शिंप्याच्या दुकानाच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि रस्त्याकडे तोंड करून तेच पुन्हा मोठ्याने म्हणालो. आवाज पूर्वीसारखा पोहोचत नाही. कव्हरांच्या दुकानातल्या पोराने कानातली यंत्रे काढून पाहिले आणि पुन्हा घातली. पँटवाला म्हणाला, "बरं मग?" शिंपी त्यास म्हणाला, "तुम्ही गप्प बसा हो. तुमची पँट बुधवारी."

घरी येऊन पडून राहिलो. मुलीस सांगितले नाही. उद्या सकाळी तिकडे जाऊन आधी मेहुण्यास सांगेन, असे ठरवले.


मंगळवार, दि. १५ फेब्रुवारी

सकाळी साडेसातला फोन आला. मुलीने शाळेत रजा कळवली आणि आम्ही रिक्षाने गेलो.

पहाटेपासून मेहुणा डोळे उघडत नव्हता. डॉक्टर येऊन गेले होते. दवाखान्यात नेण्याने काही होणार नाही, असे म्हणाले. त्याच्या मुलीने सांगितले की काल दुपारभर तो खेळत होता. तेच वळण एकदा पार केले. उशीर धरून बटण आधी दाबायचे, हे त्याने शोधून काढले होते. ते मला सुचले नव्हते. "दाजींना सांग," असे म्हणाला होता.

लॅपटॉप पाटावर तसाच होता. तिने तो बंद केला नव्हता. पिवळी मोटार सुरुवातीच्या रेषेवर उभी होती. रंग रात्रभर हलला नव्हता.

दोन्ही मुली स्वयंपाकघरात होत्या. हलत्या पायाची खुर्ची ओढून मी पलंगाजवळ बसलो. मग उठलो, जिन्याकडचे दार सताड उघडले आणि परत येऊन बसलो. जिन्यावरून कोणीतरी बादली घेऊन खाली जात होते, ते थांबले. मी मेहुण्यास शिंप्याचे सर्व बोलणे सांगितले, माझ्या अपमानाचा भागही न वगळता. रस्त्याकडे तोंड करून मी काय म्हणालो, तेही त्याच शब्दांत आणि त्याच आवाजात पुन्हा म्हणालो. खालच्या मजल्यावर कोणाचे तरी दार उघडले. माझी मुलगी येऊन उंबऱ्यात उभी राहिली.

त्याचा श्वास चालू होता. दोन श्वासांमधले अंतर मी मोजत होतो आणि ते वाढत होते. हातात हात घेतला तेव्हा तो गार नव्हता. बोटे हलली असे मला वाटले, परंतु माझा हातही आता पूर्वीसारखा स्थिर राहिलेला नाही, त्यामुळे हलला तो कोणाचा, हे मी खात्रीने लिहू शकत नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी तो गेला.